तोफेचं तोंड

सिस्टर निवृत्त झाल्या, पण त्यांच्या पायांना ते कुणी कळवलंच नव्हतं. सैन्याच्या इस्पितळांत एकतीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर घरी बसून नेमकं काय करायचं असतं, हे त्यांना उमगत नसे. चहा उभ्यानंच व्हायचा. कपाट लावून झालं की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रिकामं करून लावायचं. थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "आईनं तुला पायाला भिंगरी बांधूनच जन्माला घातलंय. जरा टेक की कुठंतरी." सिस्टर टेकायच्या आणि पाच मिनिटांत उठून गॅलरीत जायच्या.

त्या गॅलरीतून पाण्याच्या टाकीमागची तिकोनी जागा दिसायची. वस्तीतल्या प्रत्येक घराच्या दुरुस्तीचा राडारोडा तिथं येऊन पडलेला. फुटक्या फरशा, गंजलेले पत्रे, गाद्यांतला कापूस. एका सकाळी सिस्टर हातमोजे घालून खाली उतरल्या आणि एकट्याच फरशा उचलायला लागल्या. आठवडाभर लोकांनी नुसतं पाहिलं. मग कुणीतरी विचारलं, "सिस्टर, काय चाललंय?"

"बाग करायचीय. आपल्या वस्तीतून जे जे सैन्यात गेले त्यांची."

हे त्यांनी आधी ठरवलं होतं की विचारल्यावर तोंडाला आलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा बोलून बसल्यावर मागं हटतील तर त्या सिस्टर कसल्या.

दोन वर्षं लागली. समिती झाली. सैन्याच्या पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिचे अध्यक्ष झाले. हातरुमालालाही इस्त्री करणारा माणूस, पण कामाला वाघ. पालिकेच्या कचेरीत चकरा मारून त्यांनी जागेचा कागद मिळवला, नकाशा मंजूर करून आणला. सिस्टर घरोघर फिरल्या आणि नावं गोळा केली. त्रेचाळीस भरली. लढाईत गेलेले, परत येऊन म्हातारपणानं गेलेले, अजून हयात असलेले, सगळे एकाच भिंतीवर, वर-खाली न करता. त्यावरून अध्यक्षांशी दोनदा वाजलं, पण तिथं सिस्टर हटल्या नाहीत.

आणि उद्घाटनाच्या आधीच्या मंगळवारी तोफ आली.

ही अध्यक्षांची कमाई होती. सैन्याच्या डेपोतून मोडीत काढलेली जुनी मैदानी तोफ त्यांनी पत्रं लिहून लिहून मिळवली होती. क्रेननं ती चौथऱ्यावर ठेवली, चाकं बोल्टांनी आवळली, तोंड पूर्वेला, रस्त्याकडे. फोटोत चांगली दिसावी म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनीही वाजवल्या. पण त्या दिवशी जेवताना त्यांना घास गोड लागेना. काहीतरी चुकलंय, काय ते सापडेना.

बुधवारी सकाळी वहिनी दारात आल्या. रस्त्यापलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांच्या नवऱ्याला सगळे वायरलेसवाले म्हणत. तरुणपणी तोफखान्यात होते. पुढं जाऊन, गोळे कुठं पडतायत ते पाहून, मागं वायरलेसवरून सांगायचं, हे त्यांचं काम. गेली नऊ वर्षं ते घराबाहेर पडले नव्हते. भिंतीवर त्यांचंही नाव होतं.

"सिस्टर, रागावू नका," वहिनी म्हणाल्या. त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. "यांनी काल दुपारपासून खाट खिडकीजवळून काढलीय. मोरीच्या बोळात टाकलीय. तिथं पाय पसरायलाही जागा नाही हो."

"का पण?"

"ती तोफ. सरळ आमच्या खिडकीत बघतेय."

 काल सिस्टरांना जे सापडत नव्हतं ते हेच. त्या चपला अडकवून तशाच निघाल्या. चौथऱ्यावर चढून नळीच्या मागं उभ्या राहिल्या आणि एक डोळा मिटून पाहिलं. नळी, रस्ता, दुसरा मजला, निळा पडदा. दोरी धरून रेघ मारावी तसं.

अध्यक्षांकडे गेल्या तर ते आमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होते.

"फिरवायची?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, क्रेन गेली. नकाशा मंजूर आहे. रविवारी पाहुणे येतायत. आणि तिच्यात दारूगोळा आहे का? डेपोनं तिचं सगळं वेल्डिंग करून बंद केलंय. ती तोफ नाही, लोखंड आहे."

"हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या अंगाला माहीत नाही."

"एका माणसासाठी?"

"बाग कुणासाठी केली मग?"

अध्यक्षांनी पेन पुन्हा उचललं. "रविवार होऊ द्या," एवढंच म्हणाले.

रविवार होऊ देणं सिस्टरांच्यानं होईना. दुपारभर त्या तोफेभोवती फिरत राहिल्या. क्रेन नसली तरी तोफ फिरवता येते हे त्यांनी पाहिलं होतं. बोल्ट काढायचे, मागचे दोन लोखंडी पाय सहा-आठ जणांनी उचलायचे आणि ढकलायचं. प्रश्न तो नव्हता. फिरवायची कुठं? उत्तरेला शाळा. पश्चिमेला प्रसूतिगृह. दक्षिणेला दोन चाळी, आणि त्यांतल्या एकीत त्यांचं स्वतःचं घर. हात लांब करून त्या एकेका दिशेला उभ्या राहायच्या आणि हात खाली घ्यायच्या. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

शेवटी संध्याकाळ व्हायच्या आत त्या वायरलेसवाल्यांच्या घरी गेल्या.

ते मोरीच्या बोळात खाटेवर बसले होते, गुडघे छातीशी घेऊन. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सिस्टरांना पाहून उठायला लागले, पण उठायला जागाच नव्हती.

"हिनं तुम्हाला उगाच त्रास दिला," ते म्हणाले. "माझ्यासाठी काही करू नका. लोक काय म्हणतील? तोफखान्यातला माणूस आणि तोफेला घाबरतो."

"लोक काहीही म्हणतात. मी रात्रपाळीत डोळे मिटले तरी लोक म्हणायचे सिस्टर झोपल्या."

ते थोडं हसले.  सिस्टरांना बोळाच्या तोंडाशी उभं राहवेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत त्या थांबल्या.

"मी आकडे सांगायचो," वायरलेसवाले म्हणाले. "इतकं डावीकडे, इतकं पुढं. आमच्या हिला वाटतं माझ्या हातून काही चूक झाली असेल, ती मनाला खाते. चूक झालीच नव्हती, सिस्टर. आकडे बरोबर होते. नंतर त्या गावातून चालत जावं लागलं आम्हाला."

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचे हात थांबले. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे सिस्टरांना त्यांच्या पाठीवरून कळलं.  इस्पितळात शिकलेली एक गोष्ट सिस्टर विसरल्या नव्हत्या. काही वेळा जखम उघडी ठेवूनच बाजूला व्हायचं असतं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "उत्तरेला शाळा आहे. पश्चिमेला प्रसूतिगृह. मग फिरवू कुठं, ते तरी सांगा."

"फिरवू नका. जिकडं फिरवाल तिकडं कुणाचं तरी घर येणारच." त्यांनी हातानं हवेत नळी दाखवली आणि ती खाली झुकवली. "मान खाली घाला तिची. जमिनीकडं. नळी वर-खाली करायचं एक चाक असतं डाव्या बाजूला."

"ते वेल्ड केलंय."

"मग कापा. पण चाकानं नळी थोडीच खाली येईल. मागचे पाय उचलून त्यांच्याखाली हातभर उंचीचे ठोकळे घालावे लागतील, तेव्हा ती पुरती वाकेल. जपून मात्र. पुढं कलंडली तर माणूस चिरडेल."

शुक्रवारी दुपारी सिस्टरांनी वेल्डरला गाठलं. कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं आणि त्याच्या वडिलांचं नाव भिंतीवर. कानानं जरा कमी, पण कळायला काही कमी नाही. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "अध्यक्षांना माहीत आहे?"

"कळेल."

"म्हणजे बोलणी मी खायची."

"अर्धी मी खाईन."

तो हसला आणि गॅसची नळकांडी हातगाडीवर चढवायला लागला. दुकानातले चौघं आणि रस्त्यावरचे तिघं जमले. तोफेच्या मागच्या भागाला साखळी बांधून ती चौथऱ्यातल्या कडीत अडकवली, म्हणजे पुढं कलंडायला लागली तरी अडेल. वेल्डरनं चाकावरचं वेल्डिंग कापलं. चाक गंजलेलं. तेल घातलं, हातोडीनं ठोकलं, शिव्या दिल्या. कशानं ते फिरलं कोण जाणे, पण फिरलं. नळी चार बोटं खाली आली.

तेवढ्यात सिस्टरांचा फोन वाजला. पलीकडे वायरलेसवाले होते.

"मी खिडकीशी आहे," ते म्हणाले. आवाज दोन दिवसांपूर्वीचा नव्हता. कोरडा होता, एकसारखा, प्रत्येक शब्द सुटा. "नळीचं तोंड मला अजून गोल दिसतंय. पूर्ण गोल. सांगा त्यांना, पाय उचला."

सिस्टरांनी फोन स्पीकरवर टाकून हात उंच धरला. सात जणांनी पहारी घातल्या. पाय उचलले गेले, खाली ठोकळा सरकला.

"अजून. लंबगोल झालंय. अजून."

दुसरा ठोकळा. साखळी करकरली आणि सगळे एकदम मागं सरले. सिस्टरांनी सगळ्यांचे पाय नजरेनंच मोजले. नसत्या उठाठेवीत कुणाचा पाय गेला तर? पुन्हा तेच पट्ट्या बांधणं? पण साखळीनं धरलं होतं.

आणि याच वेळी अध्यक्ष फाटकातून आत आले. हातात पत्रिकांचा गठ्ठा, चेहरा लाल.

"हे काय आहे? मान खाली घातलेली तोफ? हरल्यासारखी दिसतेय. कुणाला विचारून..."

"सिस्टर," फोनमधून आवाज आला, "कोण बोलतंय? मध्ये बोलू नका म्हणावं. माणसं लोखंडाखाली आहेत."

अध्यक्षांनी आवाज ओळखला. नऊ वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता. त्याआधी मात्र हे दोघं रोज सकाळी सोबत फिरायला जायचे, हे वस्तीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. त्यांनी मान वर करून निळ्या पडद्याकडं पाहिलं. पडदा बाजूला सारलेला होता आणि गजांमागं एक पांढरा शर्ट दिसत होता.  मग त्यांनी पत्रिका बाकावर ठेवल्या, बाह्या दुमडल्या आणि आठवी पहार उचलली.

"अजून दोन बोटं," फोन म्हणाला. "एक. थांबा. आता तोंड दिसत नाही. नुसती पाठ दिसतेय. थांबा म्हणतोय ना. बस."

फोन बंद झाला. वहिनींनी नंतर सांगितलं की त्यानंतर ते खिडकीखालीच फरशीवर बसले आणि घामानं सगळा शर्ट भिजला होता. खाट मात्र त्यांनी पुन्हा खिडकीशी ओढून घेतली.

रविवारी अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की तोफेनं वीरांपुढं मान लववली आहे आणि ही कल्पना समितीनं पूर्ण विचारांती स्वीकारली. पाहुण्यांनी मान डोलावली. वेल्डर मागं उभा राहून सिस्टरांकडं बघत होता. सिस्टरांनी डोळ्यांनीच त्याला गप्प बसवलं.

बाग उभी करायला गाव जमतं, पण पाणी घालायला कुणी सापडत नाही. तीन महिन्यांत समितीतले निम्मे पांगले. हिरवळ पिवळी पडली, एका दिव्याची काच फुटली, कुंपणाजवळ पुन्हा कुणीतरी एक फुटका नळ आणून टाकला. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तिथंच. बहीण म्हणाली, "आता तिथंच खाट टाक." गुडघा दुखायला लागला होता, पण घरी बसलं की तो जास्त दुखायचा.

दर सोमवारी वहिनी एक चिठ्ठी आणून द्यायच्या. बारीक, सरळ अक्षर. "तिसरा दिवा संध्याकाळी लागत नाही. पूर्वेकडच्या मेंदीला दोन दिवस पाणी नाही. बाक क्रमांक दोनवर पिवळा कुत्रा झोपतो, त्याला झोपू द्यावे." एकदा लिहिलं होतं, "भिंतीवर तुमचे नाव का नाही?" सिस्टरांनी ती चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि मेंदी कापायला घेतली. त्या कुठं लढल्या होत्या? पुढच्या सोमवारी तोच प्रश्न पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. अखेर त्यांनी चिठ्ठ्या अध्यक्षांना दाखवल्या. अध्यक्ष म्हणाले, "दगडवाल्याला मी कधीच सांगून ठेवलंय. तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

आठव्या महिन्यात एका सकाळी सिस्टर कुंपणाशी वाकून गवत उपटत होत्या. पलीकडे दोन पाय येऊन थांबले. घरातल्या सपाता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. रस्ता ओलांडून आले होते, एकटे. दुसऱ्या मजल्यावर वहिनी गज धरून उभ्या होत्या.

"आत येत नाही," वायरलेसवाले म्हणाले. श्वास लागला होता त्यांना. "एवढंच सांगायला आलो. कोपऱ्यातली मेंदी सुकतेय. चिठ्ठीत लिहून उपयोग होत नाही."

सिस्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. बसा म्हणाल्या असत्या, तर त्यांनी पाठ फिरवली असती, आणि बसायचं कसं ते सिस्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाण्याची नळी उचलली आणि कुंपणावरून तिचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"मग बाहेरूनच घाला. मी नळ सोडते. दाब कमी आहे, जरा वेळ लागेल."

आणि त्या लंगडत नळाकडे निघाल्या.