लेखाखालचं बोलणं

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. लेख शहाऐंशी, फ्रेमवर्क तीन, निर्णय शून्य.

"भावजी, आठ वाजता ते खरंच बंद करणार?" वहिनींनी विचारले.

"तसं कळवलंय त्यांनी," मिलिमीटर म्हणाले. "आठनंतर तिथलं सगळं पुसलं जाईल."

मिलिमीटर हे त्यांना कारखान्यात पडलेले नाव. तांत्रिक महाविद्यालयात शिकलेला हा माणूस दाराची कडीसुद्धा मोजमाप घेऊन बसवी. त्यांचा जिवलग मित्र, म्हणजे वहिनींचा नवरा, त्याच कारखान्यात पंप मेकॅनिक होता. निवृत्तीनंतर त्याने पंपांविषयी ब्लॉग लिहिला. मे महिन्यात एका रात्री तो गेला. आणि ज्या कंपनीच्या जागेवर तो ब्लॉग होता, ती आता ही सेवाच गुंडाळत होती. लेख नव्या जागी हलवण्याचे काम मिलिमीटरांनी अंगावर घेतले होते. साठीनंतर ते कोड लिहायला शिकले होते, त्यामुळे मनासारखे फेरफार करता येतील असेच फ्रेमवर्क, म्हणजे ब्लॉग उभारायचा तयार सांगाडा, त्यांना हवे होते. आणि तिथेच घोडे अडले होते.

पहिल्यात डेटाबेस होता, सगळ्या सोयी तयार. पण ते कायम देखभाल मागणारे. दुसऱ्यात प्रत्येक लेख म्हणजे मजकुराची एक साधी फाइल. एक आज्ञा दिली की पाने तयार, आणि पानाचा साचा पूर्णपणे आपल्या हाती. तिसऱ्यात नुसते सुटे भाग, जोडणी आपली आपण करायची. मिलिमीटरांनी गती, सुरक्षितता, टिकाऊपणा आणि फेरफाराची मोकळीक यांना गुण दिले. पहिल्या दोन्हींना सारखेच पडले. त्यांनी टिकाऊपणाचे वजन वाढवले, तेव्हा दुसरे पुढे गेले. पण हे वजन आपण कोणत्या आधारावर वाढवले, या शंकेने त्यांनी ते पुन्हा कमी केले. दोन महिने हे घोंगडे भिजत पडले होते. तिन्हींवर ब्लॉग उभारून झाला होता आणि तिन्ही समोर उघडे होते.

"मला तर तिन्ही सारखेच दिसतात," वहिनी म्हणाल्या. "कपड्यांच्या दुकानात तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं तर दुकानदार शटर ओढून घरी जाईल."

"आतून फार फरक आहे, वहिनी."

"असेल. पण खालचं कुठंय?"

"खालचं म्हणजे?"

"लेख संपला की खाली असायचं ते."

मिलिमीटर गोंधळले. लेखांखाली प्रतिसाद होते खरे. पण ते त्यांनी एका छोट्या प्रोग्रामने वेगळे काढून टाकून दिले होते. पंपाच्या सीलवरच्या गंभीर लेखाखाली 'शेजारची खोली' या नावाने कुणीतरी विचारी, "चहा टाकू?" आणि लेखक उत्तर देई, "अर्धा कप."

"तो कचरा होता, वहिनी. कुणीतरी टवाळ माणूस भलतंसलतं विचारायचा, आणि हाही बापडा उत्तरं देत बसायचा."

वहिनींनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"टवाळ माणूस मीच," त्या म्हणाल्या. "घशाच्या ऑपरेशननंतर यांचा आवाज गेला ना. घंटी आणून दिली, तर म्हणाले, म्हणजे लिहून दाखवलं, मी काय साहेब आहे? मग मी स्वयंपाकघरातून फोनवर तिथेच लिहायची. हे लेखच लिहीत बसलेले असायचे. तिथल्या तिथे उत्तर यायचं."

"सगळ्या जगासमोर?"

"जग कुठलं, भावजी? वाचणारे तुम्ही एकटे."

"मी लेख संपला की पान बंद करायचो," मिलिमीटर हळूच म्हणाले.

त्यांच्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता. जुन्या जागेवरून प्रतिसाद पुन्हा उतरवून घ्यायला त्यांनी सुरुवात केली. शेवटचा दिवस म्हणून तिथे झुंबड उडालेली. पान निम्मे येई आणि अडकून पडे. सातच्या सुमारास सगळे हाती आले. आता ठेवायचे कुठे? पहिल्या फ्रेमवर्कमध्ये प्रतिसादांची सोय तयारच होती. त्यांचा हात तिकडे गेला आणि पुन्हा अडखळला.

"वहिनी, एक सांगा. इथून पुढे खाली नवीन कुणी लिहावं, असं वाटतं?"

"आता कोण लिहिणार?" वहिनी म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "परक्यांनी येऊन आमच्यामध्ये बोलू नये, एवढंच."

दोन महिन्यांचा तिढा तिथे सुटला. दुसऱ्यात बाहेरच्यांना लिहायला जागाच नव्हती. मिलिमीटरांनी साच्यात थोडा कोड घातला, आज्ञा दिली, आणि ज्या त्या लेखाखाली त्याचे त्याचे बोलणे येऊन बसले.

शेवटच्या लेखाखाली लेखकाचा प्रश्न होता, "पंपाचा खटका बंद केलास?" त्याखाली काही नव्हते.

"केला होता," वहिनी म्हणाल्या. "सकाळी सांगू म्हटलं."

मिलिमीटरांनी चष्मा काढून पुसला. "साधी फाइल आहे ही. उत्तर आत्ताही घालता येईल. तुम्ही सांगा, मी लिहितो."

वहिनींनी मानेनेच नाही म्हटले. "नको. तारीख खोटी पडेल."

आठ वाजता जुने पान उघडेनासे झाले. मिलिमीटरांनी आधी टिपून ठेवलेला आकडा समोरच्या आकड्याशी ताडून पाहिला. तिकडचे प्रतिसाद ४१२. इकडचे ४१२.