पांढरी सात

भिंगारहून निघाल्यापासून पेटी दीपाच्या मांडीवर होती. मनमाड रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधी तिच्या गुडघ्यांना बसत होता आणि त्यातून उरलासुरला पेटीला.

“म्याडम, डिकी रिकामी हाय,” कोंडीराम आरशातून बघत म्हणाला. पारनेरकडचा माणूस, भाड्याच्या गाड्या चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. “ते काय लेकरू हाय का मांडीवं घ्यायला?”

“लेकरू परवडलं,” दीपा म्हणाली. “दुखलं-खुपलं तर रडून सांगतं तरी.”

कोंडीराम हसला. शेजारी बसलेली निकिता हसली नाही. गळ्याभोवती ओढणी गुंडाळून, गालात ज्येष्ठमधाची काडी धरून ती खिडकीबाहेर बघत होती. गाण्याच्या दिवशी ती फार बोलत नसे. दीपाने ते मनावर घेतलं नाही.

दोघी भिंगारच्या एकाच गल्लीत वाढलेल्या. दीपा आता ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. निकिता गात होती, आणि निकिता जिथे गाईल तिथे तिच्या डाव्या हाताला पेटीवर दीपा, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी आमंत्रण द्यायला आलं तर चहाचे दोन कप आपोआप दोघींपुढे यायचे. पण आजवर हे सगळं नगर जिल्ह्याच्या आतबाहेर. नाशिकच्या संगीत सभेचं बोलावणं हे पहिलंच. तिकीट लावून लोक ऐकायला येणार होते. दीपाने रजा टाकली होती आणि राखाडी रंगाची एक साडी घेतली होती. निकिताच्या मोरपंखी साडीशेजारी शोभेल, पण तिच्यापुढे उठून दिसणार नाही अशी. दुकानात तिने त्यासाठी बराच वेळ घालवला होता.

निकिताचा गळा तिच्या मुक्ताआत्याचा. आत्या भीमजयंतीला मांडवात उभी राहून गायची, माइक असो नसो. तिचा कोमल गंधार पेटीवर जिथे असतो त्याच्या केसभर खाली लागायचा, दमून घरी आलेल्या माणसाने उंबऱ्यावर बसावं तसा. तो सूर आला की बायका हातातलं काम थांबवायच्या. आत्या गेली, आणि तो गंधार जसाच्या तसा निकिताच्या गळ्यात राहिला. तिचं तिलाच ते माहीत नव्हतं.

एकदा कळलं होतं. कॉलेजात असताना नगरच्या एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, “तुझा गंधार गावठी आहे.” त्यानंतर निकिता त्या सुराजवळ आली की थबकायची, मग गायचीच बंद झाली. कितीतरी महिने तिच्या घरातून आवाज नव्हता. पुन्हा गायला लागली ती आत्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, रडता रडता. आणि गंधार पुन्हा आपल्या जागी, केसभर खाली.

तेव्हा दीपाने तिला काही सांगितलं नाही. तिने पेटी उघडली. निकिताची पट्टी काळी चार. त्या पट्टीत कोमल गंधार येतो पांढऱ्या सातवर. पेटीच्या आत प्रत्येक सुराला पितळेची बारीक जीभ असते. ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. दीपाने पांढऱ्या सातच्या जिभा मुळाशी अगदी हलक्या हाताने खरवडल्या, वाजवून पाहिल्या, पुन्हा खरवडल्या. शेवटी पेटीचा गंधार निकिताच्या गंधाराला जाऊन मिळाला. त्या दिवसापासून ती पेटी दुसऱ्या कोणत्याही गाण्याला चालण्यासारखी राहिली नाही. निकिताला मात्र वाटायचं, दीपाच्या पेटीवर आपला आवाज मोकळा होतो. असंच ती सगळ्यांना सांगायची. त्याचं कारण विचारावंसं तिला कधी वाटलं नाही.

कोल्हारचा पूल ओलांडल्यावर कोंडीरामने चहासाठी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला पेरूवाली बसली होती. दीपाने एक पेरू चिरून घेतला, तिखटमीठ लावून.

“तुला नाही,” ती म्हणाली. “घसा धरेल.”

“साडी आणलीस?” निकिताने विचारलं.

“आणली की. राखाडी.”

निकिताने गालातली काडी काढली. मग म्हणाली, “दिपे, साथीला तिकडचे पंकजसर आहेत.”

“तबल्याला?”

“पेटीला.”

दीपाच्या हातात पेरूची फोड होती. ती तिने कागदावर परत ठेवली.

“कधी कळलं?”

“मागच्या आठवड्यात. गायक परगावचा असला की साथ सभेचीच, अशी पद्धत आहे म्हणे त्यांची. मी दोनदा विचारलं गं त्यांना.”

“मला का नाही बोललीस?”

“तू आली नसतीस.”

“आले असते.”

“नसतीस. पेपर तपासायचेत म्हणाली असतीस. मी काय आज ओळखते का तुला?” निकिताने तिच्या मनगटाला धरलं. “मला तू तिथे पाहिजेस. मागे तंबोऱ्यावर बस. तसं सांगितलंय मी त्यांना.”

कोंडीराम चहा संपवून आला. दोघींकडे बघून म्हणाला, “पेरू गोड न्हाई का निघाला?”

“गोड आहे,” दीपा म्हणाली.

गाडी निघाली तशी निकिता हळूच म्हणाली, “आता ठेव की ती डिकीत.”

“राहू दे.”

सभागृहाच्या मागच्या खोलीत पंकज आधीच येऊन बसला होता. तिशीतला, बोलायला नम्र. त्याने दोघींना वाकून नमस्कार केला, पण चेहरा पडलेला होता. त्याच्या पेटीच्या भात्याचं चामडं दुपारी सुटलं होतं आणि दुरुस्ती करणारा उद्याशिवाय मिळत नव्हता. व्यवस्था पाहणाऱ्या बाईंची नजर खोलीभर फिरून दीपाच्या कडेवरच्या पेटीवर थांबली.

“अरे, यांच्याकडे आहे की पेटी.”

दीपाने डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने चोळली, पेटीवर बसण्याआधी ती नेहमी चोळायची तशी.

“मी वाजवली तर चालेल ना तुमची?” पंकजने विचारलं.

“हो,” दीपा म्हणाली. “वाजवा ना.”

त्याने भाता सोडला आणि बोटं वरून खाली धावली. हात सुरेख होता. आपल्यापेक्षा चांगला, हे दीपाला पहिल्या तानेतच कळलं आणि तिने ते मनाशी मान्य केलं. मग बोटं मागे आली आणि एका जागी अडखळली. पंकजने तो सूर एकटा वाजवला. पुन्हा वाजवला.

“पांढरी सात उतरलीय,” तो म्हणाला. “काळी चारला हाच कोमल गंधार. भीमपलास घेताय ना तुम्ही? मग अडचण येणार.”

निकिता शरमली. घरच्या माणसाच्या वतीने परक्यांपुढे शरमतात तशी. “दिपे, एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला निघालो आपण. पेटी एकदा तपासायची नाही का?”

एका वाक्याचं काम होतं. ती उतरलेली नाही, तुझ्यासाठी उतरवलेली आहे. पण बाहेर खुर्च्या भरत होत्या. ते वाक्य घेऊन निकिता मंचावर गेली असती, गंधाराजवळ येऊन थबकली असती. पूर्वीसारखी. त्यातून ती यावेळी केव्हा बाहेर आली असती, कोण जाणे.

“राहून गेलं,” दीपा म्हणाली.

“माझ्याकडे ब्लेड आहे,” पंकज म्हणाला. “चढवून टाकू का?”

“द्या इकडे. मी करते.”

तिने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पेटीचा वरचा भाग काढला. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून टोकाला ब्लेड लावलं. मुळाशी तिनेच पातळ केलेलं पितळ आता टोकाशीही पातळ होत होतं. कागदावर पिवळी धूळ पडली. निकिता आरशासमोर केसांत पिना खोचत होती. पंकजने सूर मोजणारं अ‍ॅप लावून मोबाईल पुढे धरला. दीपाने सूर वाजवला, थोडं खरवडलं, पुन्हा वाजवला. पडद्यावरचा काटा सरकत सरकत मधोमध येऊन उभा राहिला.

“गुणी हात आहे तुमचा,” पंकज म्हणाला.

दीपाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मंचावर ती निकिताच्या मागे तंबोरा घेऊन बसली. राखाडी साडी अंधारात दिसतही नव्हती. निकिताने षड्ज लावला, सभागृह शांत झालं. आलाप हळूहळू चढत गंधारापाशी आला आणि नेहमीच्या जागी बसला. केसभर खाली. पेटीचा गंधार वर होता. दोन सूर अगदी जवळ असूनही एक नसले की आवाज डुलायला लागतो. दोन नादकाटे वाजवून दीपा दरवर्षी वर्गात मुलांना ते दाखवायची. आता तो डुलता आवाज तिच्या समोरच होता. श्रोत्यांपैकी कोणाच्या लक्षात आला नसावा. निकिताच्या खांद्यांना मात्र कळला. तिची मान किंचित पेटीकडे वळली.

मागे वळली असती तर दीपा दिसली असती.

दुसऱ्यांदा गंधार आला तो थोडा वर आला. तिसऱ्यांदा पेटीला चिकटून. पंकजने “वा” म्हटलं. मग गाणं रंगत गेलं. शेवटी निकिताने आत्याचं जयंतीचं गाणं घेतलं आणि त्यातलाही गंधार वर, लख्ख, बिनचूक लागला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दीपाची बोटं तंबोऱ्याच्या तारांवरून एकामागून एक फिरत राहिली. गाणं संपलंय हे तिला कोणीतरी सांगितल्यावर कळलं.

सकाळी निघताना तिने पेटी डिकीत ठेवली.

“आज लेकरू मागं?” कोंडीराम म्हणाला.

“झोपलंय.”

निकिता वाटेत भरभरून बोलत होती. बाई काय म्हणाल्या, कोण भेटायला आलं, पंकजसरांनी जळगावच्या कार्यक्रमासाठी कसं विचारलं. “तू येशील ना?”

“प्रॅक्टिकल्स आहेत गं तेव्हा.”

“बघ. मी म्हटलं नव्हतं?” निकिता हसली. थोड्या वेळाने म्हणाली, “सुरुवातीला गंधाराला काहीतरी टोचलं मला. पेटी तेव्हाही उतरलेलीच होती का?”

दीपाने खिडकीबाहेर पाहिलं. उसाची एक ट्रॉली रस्ता अडवून पुढे चालली होती.

“नाही. पेटी बरोबर होती.”

“मग मीच असणार. नंतर सावरलं ना?”

“सावरलं.”

कोल्हारला निकिताने स्वतः उतरून पिशवीभर पेरू घेतले. आता घशाची काळजी नव्हती. गाडीत बसल्यावर एक पेरू खाता खाता ती आत्याचं गाणं गुणगुणायला लागली, तोंड भरलेलं, निम्मे शब्द गिळलेले. इथे पेटी नव्हती, सभागृह नव्हतं. दीपा हलली नाही. ओळ गंधाराकडे निघाली तसा तिने श्वास धरला.

गंधार वर लागला. काल काटा जिथे उभा राहिला होता, तिथेच.

“पुढं रस्ता लई खराब हाय,” कोंडीराम म्हणाला. “धरून बसा.”

दीपाने पेरूंची पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली.