सूतगिरणीच्या दारातला दिनविशेष

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही चुन्याच्या टाकीवरचं झाकण म्हणाल. पण मुळात मी एक फळा आहे. सूतगिरणीच्या सुतारानं चार जुन्या फळ्या रंधून जोडल्या, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि मला दाराशी, हजेरीच्या खिडकीशेजारी टांगलं.

माझ्यावर रोज दिनविशेष लिहिला जाई. लिहिणारे होते गिरणीचे भांडारपाल. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. वर तारीख, खाली त्या दिवशी पूर्वी घडलेलं काही: कुठे पूल खुला झाला, कुठे लढाई संपली, कुठे धरण फुटलं. शेवटी एखादा गमतीचा दिवस. जगात कुणी डुलकीचाही दिवस पाळतं आणि हरवलेल्या मोज्यांचाही, हे कामगारांना माझ्यामुळे कळलं. बॉयलरवाला तर हजेरीआधी माझ्यापुढे उभा राही. त्याची बायको गिरणीत झाडलोट करी. तिला वाचता येत नसे, म्हणून मास्तर तिला वाचून दाखवत. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

एका सकाळी मास्तरांनी लिहिलं, 'आज शिट्टी वाजवण्याचा दिवस.' झालं, सगळ्यांना चेव आला. सूत गुंडाळणाऱ्या बायकाही तोंडात बोटं घालून शिट्ट्या वाजवू लागल्या. दुपारी बॉयलरवाल्यानं धोक्याची शिट्टी दिली, तेव्हा लोक हसले. त्यालाही गंमत सुचली असं त्यांना वाटलं. कुणी जागचं हललं नाही. मग बॉयलर फुटला आणि मधली भिंत त्यांच्या अंगावर आली. सहा जण गेले. त्यात बॉयलरवालाही होता.

चौकशी झाली. गिरणीच्या साहेबांनी सांगितलं की मास्तरांच्या थट्टेपायी माणसं गेली. मास्तरांनाही ते खरं वाटलं. त्यांचं जेवण सुटलं, बोलणं तुटलं. पुढे वर्षभर ते माझ्यावर नुसती तारीख लिहीत.

पण भांडारात एक कागद होता. बॉयलरची झडप निकामी झाली आहे, नवी द्या, असं बॉयलरवाल्यानं दोन महिने आधी लेखी कळवलं होतं. साहेबांनी 'सध्या नको' असा शेरा मारून तो परत पाठवला होता. मास्तरांनी तो कागद जपून ठेवला होता. दाखवायची मात्र हिंमत होत नव्हती.

वर्षानं तीच तारीख आली. मास्तरांनी लिहिलं: 'आजच्या दिवशी याच गिरणीत बॉयलर फुटून सहा जण गेले. नवी झडप दोन महिने आधी मागितली होती. मिळाली नाही.' खाली सहा नावं. त्या दिवशी गमतीचं काही नव्हतं. कामगार वाचत तसेच उभे राहिले.

साहेब आले. त्यांनी झाडलोटवाल्या बाईला फळा पुसायला सांगितलं. ती ओला फडका घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मास्तर, यात ह्यांचं नाव कुठलं?"

मास्तरांनी तिसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"आणि वर काय लिहिलंय?"

मास्तरांनी साहेबांसमोर सगळं मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे ह्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"पूस," साहेब म्हणाले.

घरी दोन मुली आणि आंधळी सासू होती. तिनं पुसलं. पाच नावं फडक्यानं पुसली, तिसरं उघड्या तळव्यानं. मग खडूनं भरलेली मूठ मिटून ती आत निघून गेली.

मास्तरांना त्याच दिवशी काढून टाकलं. आठवड्याभरात मलाही उतरवलं. चुन्याच्या वाफेनं माझा रंग आता पोपडे धरून गळतो आहे, फळ्या वाकल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणी रोज फळ्यावर तारीख लिहीत असेल. जगातलं सगळं लिहा, गमतीचे दिवसही लिहा आणि खुशाल हसा. पण आपल्या दाराशी जे घडलं, त्याच्यासाठी थोडी जागा ठेवा. आणि कुणी ते पुसायला सांगितलं, तर आधी मोठ्यानं वाचा.