सात नंबरची बुळबुळीत मूठ

मी एक मूठ बोलतेय. गोल्फच्या काठीची मूठ. खेळणारे लोक मला ग्रिप म्हणतात, पण कुणी मूठ म्हटलं तरी मी ओ देते. सात नंबरच्या लोखंडी काठीच्या वरच्या टोकाला सव्वा वीत लांबीचं काळं रबर दिसतं ना, ती मी.

काठी हातात घेतली की लोक बघतात तिच्या खालच्या टोकाचं चकचकीत पातं. कौतुक त्याचं, फोटो त्याचा. अहो, पण माणूस धरतो कुणाला? आता कुणी विचारतच नाही म्हटल्यावर मीच सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. अंगावर बारीक रेघांची नक्षी घेऊनच मी बाहेर पडले. ती शोभेची नव्हती, हात घसरू नये म्हणून होती. मग एका कारागिराने काठीला चिकटपट्टी गुंडाळली आणि मला मोज्यासारखी तिच्यावर चढवली. एक डोळा मिटून मी सरळ बसलेय का ते पाहिलं आणि म्हणाला, "झकास!" माझ्याविषयी कुणी असं म्हटल्याची ती पहिली आणि बराच काळ शेवटची वेळ.

मला घरी आणलं ते दातांच्या डॉक्टरांनी. त्यांचा दवाखाना खाली आणि घर वर. आम्हा काठ्यांची पिशवी दवाखान्याच्या मागच्या दारापाशी, जिन्याखाली उभी असे. तिथून मला सगळं ऐकू यायचं. पेशंट पाय ओढत आत जायचे आणि "झालं पण?" म्हणत बाहेर यायचे. डॉक्टरांचा हात इतका हलका होता.

रविवारी सकाळी मागच्या पायरीवर ते काठ्यांची साफसफाई करायला बसत. पात्यावरच्या खाचांमध्ये माती अडकते. ती ते दवाखान्यातल्या जुन्या, आकड्यासारख्या सुईने एकेक खाच करून काढत. मग ब्रश, मग पाणी, मग मऊ फडकं. पातं नुसतं लाडावलं होतं. आणि मी? माझ्यावरून कोरडा नॅपकिन एकदा वरून खाली. संपलं! रबराला पाणी लागलं की ते खराब होतं, असं डॉक्टरांनी कधीतरी मनाशी पक्कं धरलं होतं. दिवसाला दहा जणांना "ब्रश नीट करत चला" म्हणून दटावणाऱ्या माणसाने मला बारा वर्षांत एक आंघोळ घातली नाही.

त्यात त्यांची क्रीम. प्रत्येक पेशंटनंतर हात धुऊन धुऊन त्यांची कातडी कोरडी पडायची, म्हणून ते दवाखाना बंद केला की हातांना भरपूर क्रीम चोळत आणि तसेच खेळायला येत. खेळताना बाकीचे एका हातात मोजा घालतात, पण यांना ते नको असायचं. म्हणायचे, "दिवसभर मोजेच घालतो, इथे तरी हात मोकळे राहू देत." म्हणजे क्रीम आली माझ्या अंगावर. तिच्यावर घाम, घामावर धूळ. वर गाडीच्या डिकीतलं ऊन. माझ्या रेघा बुजून गेल्या आणि मी हळूहळू बुळबुळीत झाले.

मी निसटू लागले तसे डॉक्टर मला आवळू लागले. आवळलं की कोपर दुखायचं, चेंडू भलतीकडे जायचा. एका शनिवारी व्हायचं तेच झालं. त्यांनी काठी फिरवली आणि मी त्यांच्या हातून सुटून काठीसकट हवेत गेले. त्यांचे जोडीदार वकीलसाहेब पोट धरधरून हसले. "लेका, चेंडू गेला वीस हात आणि काठी गेली चाळीस!"

डॉक्टरही हसले.

पण त्या संध्याकाळी जिन्यावर बसून त्यांनी आपले दोन्ही हात दिव्यासमोर धरले. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, वरून खाली आल्या.

"काय बघताय?"

"बाबांनी एक वर्ष उशिरा थांबवलं होतं, आठवतं तुला?"

बाईंना आठवत होतं. डॉक्टरांचे वडीलही दातांचेच डॉक्टर. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा ते दिवा मंद आहे म्हणून कुरकुर करत, आणि एके दिवशी एका पेशंटचा ओठ कापला गेला.

"ज्याच्या हातात काठी राहत नाही, त्याने लोकांच्या तोंडात हत्यारं घालू नयेत," डॉक्टर म्हणाले. "या महिन्याअखेर दवाखाना बंद करतो. काठ्या भाचीला देऊन टाकू."

माझा जीव नुसता तळमळला. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तुमचे हात ठणठणीत आहेत! खराब झालेय ती मी! पण मुठीला तोंड कुठे असतं? चार दिवसांत दाराला पाटी लागली: एक तारखेपासून दवाखाना बंद. फोन घेणारी मुलगी एकेका पेशंटला तेच सांगू लागली आणि तिकडून लोक हळहळू लागले. माझ्या बुळबुळीतपणापायी एवढ्या लोकांचा डॉक्टर चालला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाची रविवारी यायची होती. आदल्या दुपारी बाईंनी पिशवी मागच्या पायरीवर ओढली. "दुसऱ्याला द्यायची वस्तू अशी मळकट द्यायची नाही," म्हणत त्यांनी बादलीत कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेतला आणि एक ब्रश हातात घेऊन मला धरलं.

"अगं, रबराला पाणी नको!" डॉक्टर खिडकीतून ओरडले.

"तुम्ही दाढा बघा. हे माझ्याकडे."

काय सांगू! बारा वर्षांची क्रीम निघाली. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. बाईंनी मला तीनदा घासलं, धुतलं, पंच्याने टिपलं आणि सावलीत उभं केलं. मग त्यांची कंबर धरली, म्हणून पाच नंबरची काठी आणि तिच्या पुढच्या दोघी तशाच न धुता राहिल्या. या कंबरेचे उपकार मी विसरणार नाही.

रविवारी भाची आली. पंचविशीतली, बोलकी, खेळात नवीन. मागच्या अंगणात दोरीवर एक जुनी जाड चादर टांगलेली होती, तिच्यात चेंडू मारायची सोय होती.

"मामा, एकदा मारून दाखव ना."

"नको गं. माझ्याच्याने होत नाही आता."

"एकच. मग मी हट्ट करणार नाही."

डॉक्टरांनी मला उचललं आणि सवयीने करकचून आवळलं. मग थबकले. बोटं सैल केली. मी जागची हलले नाही. त्यांनी काठी फिरवली आणि चादरीवर असा धप्पकन आवाज आला की भाचीने टाळ्याच वाजवल्या.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. तपासायला बसलेल्या डॉक्टरसारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी न धुतलेली पाच नंबर घेतली. ती फिरवताना हातात गर्रकन वळली. पुन्हा मला घेतलं, मी घट्ट. पुन्हा पाच नंबर, ती घसरली. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला.

"ही तर माझी क्रीम!"

ते मटकन पायरीवर बसले. "बाबांनी दोष दिव्याला दिला," ते बाईंना म्हणाले, "आणि मी शहाणा, मी हातांना दिला." बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. डॉक्टर उठले, दवाखान्यातून थेट पुढच्या दाराशी गेले आणि पाटी काढून आणली.

भाची हुशार निघाली. काठ्या तिने नेल्या नाहीतच, उलट मला निरखून म्हणाली, "मामा, धुतली ते बरं झालं, पण ही आता चिरलीय. नवीन बसव." खरं होतं ते. अंगठ्याच्या जागी मला बारीक भेगा पडल्या होत्या. रबराचं आयुष्य किती असणार? मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण डॉक्टरांच्या हातांवरचा आळ माझ्या डोळ्यांदेखत उतरला होता, मग आणखी काय हवं?

तुमच्या घरी अशी एखादी जुनी काठी असेल, तर पात्याला सजवण्याआधी आमच्याकडे बघा. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवणं. एवढंच मागते.

नव्या मुठी आल्या. "बसवायला दुकानात देऊ या, मामा," भाची म्हणाली, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही. त्यांनी मला दवाखान्यात नेलं, पेशंटच्या खुर्चीवर आडवं ठेवलं, दिवा वळवला आणि मला कापून काढायला बारीक सुरी घेतली.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस," ते मला म्हणाले.

मग त्यांनी सुरीने माझ्यावर वरपासून खालपर्यंत एकच रेघ मारली. मी आता कचऱ्याच्या बादलीत उघडी पडलेय, म्हणून मला ती रेघ पुरती दिसते आहे. ती कुठेही, केसभरसुद्धा, वाकडी गेलेली नाही.