सावनेरचा रस्ता

"उडाला ना एकटा?" जीपमध्ये बसता बसता आनंदरावांनी विचारलं.

"उडाला," गोविंदा म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.

खोटं नव्हतं ते. गगन फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्या धम्मपालनं, आनंदरावांच्या पोरानं, त्या सकाळी पहिल्यांदाच शिक्षकाशिवाय विमान उचललं होतं. धावपट्टी सुटते न सुटते तोच इंजिन बंद पडलं. समोरच्या शेतात सरळ उतरायचं सोडून पोरगा घाबरून मागं वळायला गेला आणि विमान नाकावर आपटलं. धंतोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत धुगधुगी होती, एवढंच.

क्लबचे सेक्रेटरी दत्तोपंत ड्रायव्हरला, गोविंदाला, म्हणाले होते, "वडिलांना घेऊन ये. काही बोलू नकोस. बोलावलंय म्हण."

अशा निरोपावर गोविंदा याआधीही गेला होता. कामठीला एका बाईनं त्याला दारात पाहताच काय झालं ते ओळखलं होतं. आनंदरावांनी ओळखलं नाही. कोळशाच्या खाणीत उमर गेलेला हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून पोराचं विमान पाहायला निघाला होता.

"मी खाणीत उतरलो का त्याची माय जीव मुठीत धरून बसे," ते सांगत होते. "धम्मा म्हणे, बाबा, मी वरतं जातो. वरतं अंगावर काही पडत नाही." आणि ते हसले.

गोविंदानं रस्त्यावरची नजर हलवली नाही.

शहरात आल्यावर जीप विमानतळाचा रस्ता सोडून धंतोलीत वळली.

"इकडे काहून गा?"

गोविंदानं गिअर बदलला.

"गोविंदा, पोरगा उतरला का नाही?"

त्यानं जीप कडेला घेतली. "नाही, बाबा."

दवाखान्यात दत्तोपंत हात जोडून उभे होते. "मुलानं वळायला नको होतं हो. आम्ही शिकवलं होतं त्याला."

"पण इंजिन काहून बंद पडलं?" आनंदरावांनी विचारलं.

"चौकशी होईल."

"धम्मानं सांगतलं होतं, साहेब," गोविंदाच्या तोंडून निघून गेलं. "इंजिन मधामधात अटकून राहिलं म्हणून. मागच्याच हप्त्यात सांगतलं होतं. तुम्ही म्हणाले, चालते."

"तू गाडी बाहेर लाव," दत्तोपंत शांतपणे म्हणाले.

आनंदराव गोविंदाच्या मागून पायरीपर्यंत आले. "त्याच्या मायले घेऊन ये गा. मी इथून हलत नाही. पण मले रस्त्यात समजलं, तसं तिले नको समजू देऊ. घरीच सांग."

सावनेरला घरी धम्माची माय भीमाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. जीप रिकामी परत आलेली त्यांनी पाहिली. क्षणभर सुपातले हात थांबले.

"बस गा," त्या म्हणाल्या. "उन्हातून आला. चाय टाकतो."

सांगायला उघडलेलं तोंड गोविंदानं मिटलं. तो उंबऱ्याशी खालीच बसला.

"टाका, माय."

आत स्टोव्ह पेटला. त्या साखरेचा डबा शोधत होत्या, विचारत होत्या, "गोड पितं का कमी?"

"तुम्ही पिता तसाच," गोविंदा म्हणाला, आणि चहा उकळू दिला.