पिकअप चार इंच वर

सुमेधानं सगळं बजेट एका पिवळ्या कागदावर मांडलं आणि बापाला दाखवायच्या आधी आजोबांपुढे ठेवलं. पोरगी हुशार, यात शंकाच नाही. बाप संजीव तेल कंपनीत इंजिनिअर होता, आणि शहाऐंशी साली तेलाचे भाव असे गडगडले होते की अमेरिकेतल्या शुगर लँडमध्ये सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी नोकरीसकट घरी येईल, याची कुणी हमी देत नव्हतं. अशा घरात "मला माझी पिकअप लिफ्ट बसवून उंच करायचीय आणि मोठे टायर घालायचेत" असं म्हणायला छाती लागते. त्यातून संजीवचा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, तर ही गुरांची डॉक्टर व्हायला निघालेली.

आजोबा म्हणजे जगन्नाथराव. साताऱ्याच्या एस.टी. कार्यशाळेत एकोणतीस वर्षं काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, आणि तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. आल्यापासून त्यांचं तोंड जरा उघडंच होतं. एका माणसासाठी एवढी मोठी गाडी! सहा पदरी रस्ता, आणि त्यावर हॉर्न नाही! संजीवला या कौतुकाची थोडी लाज वाटायची. सुमेधाला मात्र मजा वाटायची, कारण तिच्या खटारा पिकअपकडे आजवर आदरानं बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आजोबा पहिल्याच दिवशी सरळ पिकअपखाली जाऊन झोपले होते आणि "चॅसी काय आहे बघ, लोखंड आहे की थट्टा!" म्हणत बाहेर आले होते.

आता अडचण अशी होती. ब्राझोस नदीकाठच्या कुरणांवर गुरांना औषधपाणी करणाऱ्या डॉक्टर हॅडली नावाच्या बाई होत्या. साठीच्या, बारीक, तोंडाच्या फटकळ. त्यांना एक तारखेपासून मदतनीस हवी होती. सुमेधा त्यांना आवडली होती, पण अट एकच: पाऊस पडला की खालच्या कुरणात स्वतःच्या गाडीनं पोचता आलं पाहिजे. दोनदा ती गेली आणि दोनदा तिची गाडी चिखलात पोटावर बसली. दुसऱ्यांदा ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. तिसऱ्यांदा असं झालं तर बाई दुसरं माणूस बघणार होत्या, आणि त्यांच्या हाताखाली वर्षभर काम केल्याशिवाय गुरांच्या कॉलेजात आपला नंबर लागणार नाही, असं सुमेधाच्या मनानं घेतलं होतं.

"लिफ्ट सहा इंची, पाचशे वीस डॉलर," सुमेधा वाचू लागली. "पस्तीस इंची टायर, चार, सहाशे साठ. रिम्स दोनशे चाळीस. लेबर साडेतीनशे. माझ्याकडे चौदाशे आहेत, आजोबा. थोडेसेच कमी पडतायत."

"थोडेसे?" जगन्नाथरावांनी चष्मा पुसला. "पाचवा टायर कुठाय?"

"स्पेअर? जुना आहे ना."

"एका बाजूला पस्तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस इंच लावून चिखलात चालवशील? डिफरेन्शियल बोंबलेल. आणि गाडी वर गेली की ब्रेकच्या नळ्या आखूड पडणार. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलणार. चाकांची अलाइनमेंट?"

त्यांनी पेन्सिल घेतली आणि सुमेधाच्या सुबक अक्षरांखाली आपले आकडे घालत गेले. बेरीज बावीसशेच्या घरात गेली. पोरीचा पडलेला चेहरा बघून त्यांना आपल्याच जिभेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना टायरच्या दुकानात घेऊन गेली. दारातच एक टायर उभा केला होता, तो जगन्नाथरावांच्या छातीला लागत होता. त्यांनी त्याच्या खाचेत अख्खा हात घातला. एवढा टायर त्यांनी एस.टी.लासुद्धा पाहिला नव्हता, आणि लोक म्हणे हा हौसेनं घालतात! पार्किंगमध्ये एक पिकअप एवढी उंच उभी होती की तिच्यात चढायला शिडीच हवी. देवळातल्यासारखे हात मागे बांधून ते तिच्याभोवती फिरले. पण भारावलेल्या माणसाची अक्कल गहाण पडतेच असं नाही. तिच्याखाली वाकून ते ॲक्सलच्या मधल्या गाठीकडे बराच वेळ बघत राहिले.

"सुमे," ते उठून म्हणाले, "मला तुझा रस्ता दाखव."

"कुठला रस्ता?"

"जिथं तू अडकतेस तो. आमच्याकडे नवीन फेरी सुरू करायची म्हणजे गाडी देण्याआधी कुणीतरी जाऊन रस्ता बघून यायचं. रस्ता बघितल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

कुरणाच्या वाटेवर उतरल्यावर जगन्नाथरावांनी पहिल्यांदा मातीच उचलली. काळी, चिकट, बोटांना सोडायला तयार नाही. सातासमुद्रापलीकडे ओळखीचं कुणी भेटावं तसं त्यांना झालं. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक काठी घेतली आणि चाकोरीत उतरून खोली मोजत गेले. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा मोजला. तिथं पिकअपच्या डिफरेन्शियलनं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गाठीनं, नांगरल्यासारखी रेघ ओढली होती.

"हे बघ. तू अडकतेस ती इथं. ही गाठ घासते. लिफ्टनं अंग वर जातं, पण ॲक्सलची गाठ आहे तिथंच राहते. तिला वर नेतो तो फक्त टायर. लिफ्ट कशाला? तर तो टायर आत मावावा म्हणून."

सुमेधा काठीकडे बघत राहिली. "मग सिक्स इंचेस..."

"दिसायला छान. तुझ्या रस्त्याला चार पुरे. तेहतीसचे टायर घे, पण पाच घे. ते तुझ्या आहेत त्याच रिमवर बसतील."

"आणि लेबर?"

जगन्नाथरावांनी चिखलानं भरलेले दोन्ही हात पुढं केले. "हे काय, मेलेत का?"

नवी बेरीज एक हजार सत्तर आली. भाड्याचे जॅक आणि स्टँड धरून. सुमेधानं ती तीनदा तपासली आणि मग आजोबांना अशी मिठी मारली की चष्मा चिखलात पडला.

पुढचे दोन दिवस संजीवच्या ड्राइव्हवेवर पिकअप चाकांशिवाय उभी होती. शेजारी कुत्रं फिरवायच्या निमित्तानं दोनदा येऊन गेले. "बाबा, अहो, हे चांगलं दिसत नाही," संजीव म्हणाला. "तूर्त दहा नंबरचा पाना दे," बाबा खालून म्हणाले. इथले पाने इंचात असतात हे ते दर वेळी विसरत, आणि सुमेधा न सांगता बरोबर पाना हातात देई. स्प्रिंगचे जुने पाटे उतरवून नवे चढवताना मुख्य बोल्ट गंजून बसला होता. जगन्नाथरावांचा दम सुटला तेव्हा तिनं नळीचा तुकडा पान्यावर चढवला, पाय रोवला आणि एका झटक्यात तो फिरवला. म्हाताऱ्यानं पाना तिच्याकडेच राहू दिला.

एक तारखेच्या आधीचा रविवार. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी थांबला आणि डॉक्टर हॅडलींचा फोन आला. खालच्या कुरणात गाय विताना अडली आहे, मी चाळीस मैलांवर आहे, तू पोचू शकतेस का? सुमेधानं "येस मॅम" म्हटलं आणि फोन ठेवून किल्ल्या उचलल्या. जगन्नाथराव आधीच बूट घालत होते.

वाट दिसतच नव्हती. सगळीकडे पाणी, आणि मधून कुंपणाचे खांब. सुमेधानं गाडी पहिल्या गिअरवर घातली. चिखल चाकांवरून उडून काचेवर आला, गाडी डावीकडे घसरली, थांबल्यासारखी झाली. जगन्नाथरावांना खालून गाठ घासल्याची खरखर अपेक्षित होती. ती आली नाही. टायरांनी तळाची घट्ट माती धरली आणि पिकअप गुरगुरत वर निघाली. त्या उंचवट्यावरून ती कधी गेली हे दोघांनाही कळलं नाही.

गाय आडवी पडली होती, डोळे फिरवत. कुरणाचा मालक टोपी हातात घेऊन उभा होता. सुमेधानं बाही खांद्यापर्यंत वर केली, हात साबणानं धुतला आणि गायीशी इंग्रजीत हळूहळू बोलत हात आत घातला. तिचा गाल गायीच्या अंगाला टेकला होता, डोळे मिटलेले. आतली वासराची आडवी मान ती केवळ बोटांनी शोधत होती. जगन्नाथराव बघतच राहिले. काही मोजायला नाही, काही उघडून बघायला नाही. एकोणीस वर्षांची पोर, जिला परवापर्यंत आपण पाटे कसे चढवायचे ते शिकवत होतो, ती न दिसणारा जीव हातानं सरळ करत होती. हे त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि हे त्यांना लख्ख कळलं.

"आजोबा, दोर. मी सांगेन तेव्हा. खाली ओढायचं, जोरात नाही."

तिनं वासराच्या पायांना दोर बांधला आणि ते तिच्या शब्दाबरहुकूम ओढत राहिले. वासरू एकदम आलं, ओलं, निर्जीव वाटणारं. सुमेधानं त्याच्या नाकात गवताची काडी घातली, बरगड्या चोळल्या. वासरू शिंकलं. गायीनं मान वळवली आणि चाटायला सुरुवात केली.

मालकानं त्याच्या ट्रकमधल्या रेडिओवरून निरोप पाठवला, "सांगा डॉक्टरांना, त्यांची मदतनीस पोचली." पलीकडून हॅडलीबाईंचा आवाज आला: उद्या सहाला ये, उशीर चालणार नाही.

सुमेधा मटकन टायरला टेकून बसली आणि हसायला लागली. जगन्नाथराव तिच्यासमोर उभे होते. एकोणतीस वर्षं त्यांनी हजारो गाड्या तयार करून फाटकाबाहेर सोडल्या होत्या. गाडी वेळेत पोचली, एवढंच कागदावर कळायचं. पोचल्यावर तिथं काय घडतं, कुणाची गाठ पडते, कुणाचा जीव वाचतो, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. ते वाकले, आणि रक्ताचिखलानं माखलेले तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

"आजोबा, डोन्ट! असं करतात का?" तिनं हात ओढून घेतले.

"करत नाहीत," जगन्नाथराव म्हणाले. आणि त्यांनी पुन्हा नमस्कार केला.