पदर शोधणारे हात

मी सिरिंज पंप. परभणीच्या एका दवाखान्यात, आयसीयूच्या मागच्या खोलीत पडून असतो. बॅटरी दम धरत नाही म्हणून मला निवृत्त केलंय. एके काळी झोपेचं औषध थेंबाथेंबानं माणसाच्या शिरेत मीच सोडायचो.

झोप देणं सोपं, किती द्यायची हे अवघड. कमी पडली तर पेशंट नळ्या उपटतो, जास्त झाली तर व्हेंटिलेटर सुटता सुटत नाही. म्हणून डॉक्टर अर्पिता रोज सकाळी मला थांबवून पेशंटला हाक मारायच्या. डोळे उघडतो का, हात दाबतो का, ते बघून मगच माझा आकडा ठरायचा. त्या सकाळींची फार आठवण येते हो.

पोखर्णीच्या सरजाबाई न्यूमोनियानं आल्या होत्या. आता बऱ्या होत होत्या, घशातली नळी काढायचं चाललं होतं. पण मी थांबलो की त्यांची तगमग सुरू. खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या थोरल्या दिरांना, दिनकररावांना, ते बघवेना.

“लय तरास व्हायलाय तिला. झोपीचं औषध वाढवा की, म्याडम.”

सिस्टर सुकेशनीचं बोट माझ्या बटणावर आलं. ते दाबलं असतं, तर नळी काढणं पुन्हा लांबलं असतं.

“थांब,” डॉक्टर म्हणाल्या. “कशानं तळमळतात ते आधी बघू.”

दुखतंय का, ऑक्सिजन कमी पडतोय का, सगळं तपासलं. ठीक होतं. सुकेशनी मात्र हातांकडेच बघत होती. ते नळीकडे जात नव्हते, डोक्यावर, कानामागं चाचपडत होते.

“मॅडम, ह्या पदर शोधायल्यात! थोरले दीर समोर हायेत ना.”

दवाखान्याच्या झग्याला कुठला आलाय पदर? तिनं धुतलेला टॉवेल सरजाबाईंच्या डोक्यावरून घेतला. हात खाली आले, श्वास संथ झाला. दिनकरराव पार ओशाळले.

“आजवर माझ्यासमोर उघड्या डोक्यानं आली न्हाई ती,” म्हणत, डोळे पुसत बाहेर गेले.

दुपारी नळी निघाली. बसक्या आवाजात सरजाबाईंनी पहिलं विचारलं, “भाऊजी जेवले का?”

आता माझ्या जागी नवा पंप आलाय. गुणी आहे. त्याचं बटण दाबणाऱ्यांनो, आधी पेशंटचे हात बघत जा, एवढंच मागणं.

परवा सुकेशनी इथं आली. माझ्यावरची धूळ पुसली आणि जाताना एक जुना टॉवेल माझ्यावर घातला. नीट, डोक्यावरून.